डाव्या हाताचा पांढरा हातमोजा

मिस वर्डेल टगल सोहळ्याला यायला तयार नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय तो सोहळा म्हणजे नवरीशिवाय लग्न.

नकार दिला तो त्यांनी मान हलवून. मागच्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. त्यात वाचा गेली आणि उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. पाय काठीच्या आधाराने चालत होते. नजर मात्र पूर्वीपेक्षा धारदार झाली होती. आमचे तरुण रेव्हरंड क्रचफील्ड त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी सगळा बेत समजावून सांगितला. वाचनालयाच्या दाराशी मिस वर्डेलसाठी खुर्ची मांडू, मांडीवर शाल घालू, त्यांच्या वतीने भाषण रेव्हरंड स्वतः वाचतील, मग महापौरबाई फलकावरचा पडदा ओढतील. मिस वर्डेलनी सगळं ऐकून घेतलं, एकदाच मान आडवी हलवली आणि काठीचं टोक दाराकडे केलं. रेव्हरंड बिचारे गार चहाचा पेला अर्धा टाकून उठले.

"शाल," त्यांची भाची अर्नेस्टीन मला नंतर म्हणाली. "ऑगस्टच्या उकाड्यात मांडीवर शाल. मास्तर, मावशीला मांडून ठेवलेली बाहुली व्हायचं नाही. तिला दारात उभं राहायचंय. आता ते जमणार नाही असं तिला वाटतं, म्हणून ती येत नाही. एवढीच गोष्ट आहे."

गोष्ट एवढीच होती, पण दारात उभं राहणं म्हणजे काय हे आमच्या चर्चमध्ये वाढलेल्यालाच कळतं. माउंट नीबो चर्चच्या दाराशी अशर उभे असतात. पांढराशुभ्र गणवेश, पांढरे हातमोजे. येणाऱ्याला जागेवर नेऊन बसवायचं, रडू कोसळलेल्या बाईला हातपंखा द्यायचा, कुजबुजणाऱ्या पोरांना नजरेनेच गप्प करायचं, आणि हे सगळं तोंडातून एक शब्द न काढता. डावा हात मूठ मिटून पाठीमागे, कमरेशी. बोलायचं ते उजव्या हाताने. तळवा वर गेला की उठा, खाली आला की बसा. दोन बोटं म्हणजे दोघादोघांची रांग. मूठ म्हणजे जिथे आहात तिथे थांबा. मिस वर्डेलनी हे आमच्या गावातल्या तीन पिढ्यांना शिकवलं. कुणाचा डावा हात चुकून पुढे आला, तर त्या त्याच्याकडे अशा बघायच्या की तो हात आपण होऊन मागे जायचा.

आणि त्याच उजव्या हाताने त्यांनी वाचनालय उघडलं होतं.

आमच्या पिकेट्स फेरी गावातल्या कुठल्याही मुलाला विचारा, ते तुम्हाला ही गोष्ट सांगेल, फक्त त्यात रंग जरा जास्त भरेल. मी त्या दिवशी तिथे होतो, आठ वर्षांचा होतो, म्हणून माझ्याकडून साधी ऐका.

त्या काळी गावच्या वाचनालयात आम्हा काळ्या लोकांना पाऊल टाकायची बंदी होती. कर आमच्या आईवडिलांकडूनही घेत, पुस्तकं मात्र देत नसत. साठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात चर्चच्या मंडळींनी ठरवलं की मुलांना घेऊन आत जायचं, बसायचं आणि वाचायचं. शेरीफच्या कानावर ते गेलं. त्याने जाहीर केलं की सरकारी इमारतीसमोर जो कुणी घोषणा देईल, गाणं म्हणेल किंवा हुकूम सोडेल, त्याला शांतताभंगासाठी आत टाकू, आणि जो पुढारी असेल त्याला सगळ्यांत आधी. मोठी माणसं रात्रभर विचार करत बसली. तेव्हा एकोणीस वर्षांची वर्डेल म्हणाली, मग बोलायचंच कशाला. रविवारी आपण कुठे बोलतो?

आम्ही चर्चपासून निघालो. दोघादोघांची रांग, रविवारचे कपडे, पायांत पॉलिश केलेले बूट. वर्डेल सगळ्यांत पुढे नव्हती. ती कधी मधे असायची, कधी कोपऱ्यावर, आणि तिचा पांढरा हातमोजा तेवढा हलायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि ती आम्हाला नको ते बोलत होती. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. वाचनालयाच्या पायऱ्यांवर मूठ, आम्ही थांबलो. दोन बोटं, आत गेलो. तळवा खाली, बसलो. माझ्यासमोर माशांचं एक पुस्तक होतं. मी ते उघडलं आणि पहिल्याच पानावरच्या कॅटफिशकडे बघत राहिलो. पान उलटायचा धीर होईना.

मग पोलिस आत आला. चांगला आडदांड होता. त्याने विचारलं, तुमचा म्होरक्या कोण? कुणी उत्तर दिलं नाही. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत दारापर्यंत मागे आला. तिथे वर्डेल उभी होती. पुढे ती सांगायची की तिने जे केलं ते धाडस नव्हतं, निव्वळ सवय होती. दारात आलेला माणूस उभा राहिलेला तिला बघवत नाही. तिने त्याला हाताने रिकामी खुर्ची दाखवली. आणि तो पोलिस जाऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ तसाच बसला होता, मग त्याला आपण काय केलं ते उमगलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. पण शांतता कुणी मोडलीच नव्हती, तर पकडणार कुणाला? पुढच्या वसंतात वाचनालय सगळ्यांना खुलं झालं. त्यामागे आणखी बरंच काही होतं, कोर्ट होतं, मोर्चे होते, मार खाल्लेली माणसं होती. पण आमच्या गावात ते दार उघडलं ते एका हातमोज्याने, असं आम्ही मानतो.

यंदा त्याला साठ वर्षं झाली म्हणून गावाने वाचनालयावर फलक बसवायचं ठरवलं. चर्चने ठरवलं की मुलांनी त्याच वाटेने तसंच चालत जायचं, एकही शब्द न बोलता, आणि मुलांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. मुलांना बोलतं कसं करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांना गप्प करण्याचा अनुभव मात्र कमी पडला.

सगळ्यांत अवघड होती नायला गुडलो. वय नऊ, केसांना रंगीत मणी, आणि तोंड म्हणजे उघडा नळ. ती रांगेच्या पुढे होती, कारण तिची आजीही त्या दिवशी रांगेत पुढे होती. पहिल्या सरावाला आम्ही चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत गेलो. तेवढ्यात नायलाने मागच्या मुलाला सांगितलं की त्याची नाडी सुटली आहे, मला सांगितलं की मी हात फार हळू उचलतो, आणि एका कुत्र्याला त्याचं नाव विचारलं. मी तिला म्हटलं, बाळा, मुद्दा न बोलण्याचा आहे. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "हो मिस्टर लॅटिमोर, मला कळलंय, मी आता अजिबात बोलणार नाही, म्हणजे अगदी एक शब्दसुद्धा नाही, बघाच तुम्ही."

सराव घ्यायचा कुठे हे सुचवलं अर्नेस्टीनने. मिस वर्डेलचं घर चर्चच्या हिरवळीसमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. "मावशी टीव्ही बघून बघून कंटाळली आहे," ती म्हणाली. "तुमचा गोंधळ तिच्या खिडकीसमोर घाला." ती इतक्या साळसूदपणे म्हणाली की मला तिचा डाव लगेच कळला.

मग आम्ही रोज ऊन उतरल्यावर हिरवळीवर जमू लागलो. मी मुलांकडे तोंड करून उभा राहायचो, डावा हात मागे घ्यायचो आणि उजव्याने खुणा करायचो. मुलं माझं बघून बघून करायची. हळूहळू रांग सरळ येऊ लागली, तळवा खाली गेला की सगळी एकदम बसू लागली. मला वाटलं, छान जमतंय. समोरच्या खिडकीचा पडदा रोज हात-दीड हात सरकलेला असायचा. मी तिकडे बघत नसे. मुलांनाही बघू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ती सारखी तिकडेच बघत.

एका संध्याकाळी मुलं गवतावर बसलेली असताना खिडकीच्या काचेवर काठीचा आवाज झाला. टक, टक, टक. मग घराचं दार उघडलं आणि मिस वर्डेल ओसरीवर आल्या. घरातला झगा, पायात सपाता, डोक्याला रुमाल. मागून अर्नेस्टीन ओरडत होती की पायरी बघ, पायरी बघ. मिस वर्डेलनी पायरी बघितली नाही, तरी उतरल्या. रस्ता ओलांडून हिरवळीवर आल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या रागाने त्यांनी माझ्याकडे बघितलं की मी सत्तरीचा माणूस, पण माझा डावा हात आपोआप आणखी मागे गेला.

त्यांनी काठी अर्नेस्टीनकडे दिली. आपल्या डाव्या हाताने लुळा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला आणि मुलांना दाखवला. पुन्हा दाखवला. मुलं गोंधळली. त्यांना वाटलं, हात दुखतोय. एकीने फुंकर घालू का विचारलं. नायला उठून जवळ गेली, तिने त्या हाताकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मिस वर्डेल, हा हात तर झोपलाय. दुसरा घ्या ना. आम्ही सगळे दुसराच घेतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुलांकडे तोंड करून शिकवत होतो. माझा उजवा हात वर गेला की मुलं आरशात बघावं तसा माझ्या बाजूचा हात वर करत, म्हणजे त्यांचा डावा. समोरून मला ते बरोबरच दिसायचं. इतके दिवस सगळी फौज उजवा हात पाठीमागे घेऊन डाव्या हाताने खुणा करत होती. माउंट नीबोच्या इतिहासात असं पाप कुणी केलं नसेल. आणि ते मिस वर्डेल रोज खिडकीतून बघत होत्या, आणि त्यांना ओरडता येत नव्हतं.

मी मुलांना म्हणालो, चूक माझी आहे, उद्यापासून आपण हात बदलू. मिस वर्डेल माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या समोरच्या रांगेकडे बघत होत्या. मुलांनी सवयीने तयारी केली होती, पाठी ताठ, उजवे हात पाठीमागे, डावे छातीवर. मिस वर्डेलचे खांदे हलू लागले. मला आधी भीती वाटली. अर्नेस्टीन पुढे धावली. पण मिस वर्डेल हसत होत्या. आवाज फारसा नव्हता, घशातून हवा येत होती तेवढीच, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झटका आल्यापासून त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि डावा हात हळूच पुढे केला. तळवा वर.

बसलेली मुलं उठली. उभी असलेली ताठ झाली. नायला कधी नव्हे ती गप्प होती. तळवा खाली, सगळी बसली. दोन बोटं, रांग लागली. मूठ, रांग थांबली. मिस वर्डेलनी आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं जसं एखाद्या मागच्या बाकावरच्या मुलाने अचानक अवघड गणित सोडवावं. पुन्हा मी हात बदलण्याचं काढलं, तर मूठ माझ्या नाकासमोर आली. मी थांबलो.

"म्हणजे असंच ठेवायचं?" अर्नेस्टीनने विचारलं. "मावशी, डावा? तू? माझ्या डाव्या हातावर तू पट्टी मारली होतीस, आठवतंय का?"

मिस वर्डेलनी तिला तळवा खाली करून दाखवला. अर्नेस्टीन गवतावर बसली.

त्यानंतर सराव त्यांनीच घेतला. माझं काम पाणी वाटण्याचं उरलं. नायला रोज सराव संपला की त्यांच्या ओसरीवर बसून दोघींच्या वाटचं बोलायची. मिस वर्डेल ऐकायच्या, कधी मूठ दाखवायच्या. मूठ पाच मिनिटं टिकायची.

सोहळ्याच्या दिवशी सकाळीच उकडत होतं. त्या काळच्या रांगेतले आम्ही जे उरलो होतो ते कोटाला पिवळी फीत लावून आलो होतो. कुणी कमरेत वाकलेलं, कुणी नातवंडांच्या हाताला धरून. मिस वर्डेलना गाडीतून वाचनालयापाशी आणलं होतं. अर्नेस्टीनने गणवेशाला इतकी इस्त्री केली होती की तो एकटाच उभा राहिला असता. डाव्या हातात पांढरा हातमोजा होता. काठी त्यांनी गाडीतच ठेवली आणि दाराच्या चौकटीला खांदा टेकवून त्या उभ्या राहिल्या.

एकच अडचण होती. रांग येताना दिसली तसा त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला, म्हणजे डाव्याने ढकलला, पण तो सुटून पुन्हा बाजूला लोंबकळला. परत नेला, परत सुटला. लोक बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचा तो भाव आला, रेव्हरंडना दार दाखवतानाचा. मला वाटलं, आता त्या गाडीत जाऊन बसणार.

मुलं पायऱ्यांपर्यंत आली. मूठ कुणी दाखवली नव्हती, तरी नायला थांबली आणि तिच्यामागे सगळी थांबली. मग ती एकटीच वर चढली, मिस वर्डेलच्या मागे गेली, तो हात उचलला आणि त्यांच्या गणवेशाच्या पट्ट्यात मागून नीट खोचला. बोटं मिटून मूठ केली. कमरेशी, अगदी नियमाप्रमाणे. मग खाली उतरून आपल्या जागेवर उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. महापौरबाईंनी वाकून तिला कौतुकाने नाव विचारलं, तेव्हा तिने ओठ इतके घट्ट मिटले की गाल फुगले.

मिस वर्डेलनी दोन बोटं दाखवली.

आम्ही आत गेलो. आधी मुलं, मग पिवळ्या फितीवाले, मग सगळं गाव. ज्याला जिथे जागा दाखवली तिथे तो बसला. महापौरबाईंनी पर्समधून भाषणाचे कागद काढले आणि त्या मधोमध उभ्या राहिल्या. तळवा खाली आला. महापौरबाईंनी इकडेतिकडे बघितलं, मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवले, समोरच्या टेबलावरचं कोंबड्या पाळण्याचं पुस्तक उघडलं आणि वाचू लागल्या. रेव्हरंडनी खिशाला हात लावला होता, तो त्यांनी काढून घेतला.

सगळ्यात शेवटी आमची पोलिस प्रमुख आली, बेरेनिस. मी तिला तिसरीत शिकवलं आहे. वाहतूक अडवून ठेवायला ती चौकात थांबली होती, म्हणून उशीर झाला. दारात येऊन ती जागा शोधत उभी राहिली. मिस वर्डेलनी तिला खिडकीजवळची रिकामी खुर्ची दाखवली. ती खुर्ची त्यांनी कुणालाच दिली नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बेरेनिस जाऊन बसली. टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. पिवळ्या फितीवाल्यांपैकी कुणीतरी नाक पुसल्याचा आवाज झाला.

मग आम्ही वाचलं. एवढंच झालं. भाषण नाही, गाणं नाही. शंभराहून जास्त माणसं आणि पानांची सळसळ. माझ्यासमोर नायलाने कुठूनतरी माशांचं एक पुस्तक आणून ठेवलं होतं, नव्या छपाईचं, रंगीत. गोष्ट तिने ऐकलेली होती. पहिल्या पानावर कॅटफिश नव्हता, तो बराच पुढे होता, त्यामुळे मला पानं उलटावी लागली. मी सगळं पुस्तक वाचून काढलं.

तळवा वर गेला तेव्हा सगळे एकदम उठलो. बाहेर आल्यावर पडदा ओढला गेला, आणि मग जो आवाज फुटला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. टाळ्या, गाणी, चर्चचा बँड. अंगणात तळलेल्या माशांच्या कढया लागल्या, पाउंड केक कापले गेले, आणि नायलाने पायऱ्या उतरता उतरता बोलायला सुरुवात केली ती हातात माशाचा तुकडा आला तरी थांबली नाही. मिस वर्डेल झाडाखाली बसल्या होत्या. रेव्हरंड त्यांच्यासाठी स्वतः ताट घेऊन आले आणि जपून जरा लांबच उभे राहिले. मिस वर्डेलनी खुर्ची दाखवली, तेव्हा बसले.

पुढच्या रविवारी मिस वर्डेल चर्चच्या दारात होत्या, उजवा हात पट्ट्यात खोचलेला. आणि त्यांच्यामागे सगळे अशर, तरुण आणि म्हातारे, उजवा हात पाठीमागे घेऊन उभे होते. चर्चचा कारभार बघणाऱ्या डेकन मंडळींनी आपसात थोडी कुरकुर केली. नियम हा नियम, वगैरे. मिस वर्डेलनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

तेव्हापासून माउंट नीबोमध्ये खुणा डाव्या हाताने होतात. दुसऱ्या गावच्या चर्चची मंडळी पाहुणी म्हणून येतात, त्यांना ते चमत्कारिक वाटतं आणि ती विचारतात की तुमच्याकडे असं उलटं का. नायला आता छोट्या अशरांमध्ये आहे. ती पाहुण्यांना सगळी गोष्ट सांगते, शेरीफपासून कोंबड्यांच्या पुस्तकापर्यंत, पण चर्चच्या बाहेर आल्यावर. आत असताना ती फक्त तळवा खाली करते आणि माणसं बसतात.